बाराव्याला भगवा

शनिवार, ५ जुलै २००८. ब्रॅकनेल. सकाळ.

उजव्या सीटवर बसून डाव्या सीटचं ऐकून घेणाऱ्या, इंग्लंडातल्या तमाम मराठी नवऱ्यांनो! स्टिअरिंग आपल्या हातात आहे असं जग समजतं. प्रत्यक्षात लेन कोणती, स्पीड किती, थांबायचं कुठे, हे सगळं डावीकडून ठरतं. हा अन्याय आपण किती वर्षं सोसायचा?

ही रोजनिशी माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही. पण समोर सभा बसली आहे असं धरल्याशिवाय माझं पेन चालत नाही. शाळेत वक्तृत्वाची ढाल जिंकल्यापासूनची सवय.

उद्या निघतो. आयर्लंड, म्हणजे वरचा तुकडा, जो ब्रिटनमध्ये मोडतो. मी, देवयानी, वैभवी. नाव फॅमिली रोड ट्रिपचं. निमित्त असं की गुरुवारी तिकडच्या एका हॉस्पिटलात देवयानीचा कन्सल्टंटच्या पोस्टसाठी इंटरव्ह्यू आहे. ती भूलतज्ज्ञ. रेडिंगकडे इतकी वर्षं स्टाफ ग्रेड, म्हणजे कन्सल्टंटच्या खालची पायरी, म्हणून राबली, नाइट ड्युट्या तिच्या आणि परिषदेत पेपर दुसऱ्यांचे. एकदा कुणीतरी आपल्याला मानाने बोलवावं असं तिला वाटतं. स्वाभाविक आहे. त्यांनी बोलवावं, तिने जावं, आणि विषय संपावा. तिथला पाऊस आणि मेंढ्या पाहिल्या की ती आपणहून नाही म्हणेल.

मी विरोध करणार नाही. मी फक्त बोलणार. भाषण तयार आहे. पहिला भाग: करिअर म्हणजे काय. दुसरा: मुलगी आणि मराठी समाज. तिसरा: समारोप. देवयानीला नुसतं सांगितलं की वाटेत थोडं बोलायचं आहे. ती म्हणाली, तुझं भाषण सुरू झालं की माझ्यासारखीला कामच उरत नाही, लोक इंजेक्शनशिवाय झोपतात. हे हॉस्पिटलचे विनोद.

संकल्प: आवाज चढवायचा नाही. सॅटनॅव लावायचा नाही. रस्ता सांगणारं ते यंत्र देवयानीने घेतलं आहे. त्यातली बाई मला मधूनमधून मागे फिरायला सांगते. ज्या माणसाने ब्रॅकनेलच्या मराठी मंडळाची घटना लिहिली त्याला मागे फिरायला सांगते. माझ्याकडे नकाशा आहे.

गाडी धुतली. भगवा तसाच ठेवला. महाराष्ट्र दिनाला मंडळाने सगळ्यांच्या गाड्यांना लावले होते, फुटबॉलच्या दिवसांत इंग्रज लावतात तसे, खिडकीच्या काचेत क्लिप अडकवून. बाकीच्यांनी दुसऱ्याच दिवशी उतरवले. मी नाही. क्लिपमुळे मागची डावी काच पूर्ण वर जात नाही आणि वैभवीच्या खांद्यावर पाणी येतं. तिला रेनकोट दिला. सोळाव्या वर्षी त्यागाची सवय लागलेली बरी.

रविवार, ६ जुलै. ग्लासगो. संध्याकाळ.

दिवसभर मोटरवे. पाऊस. सत्तरच्या स्पीडला भगवा असा फडफडतो की आत बोललेलं ऐकू येत नाही. पहिला भाग सुरू केला, "करिअर हा शब्द मुळात रथाच्या शर्यतीवरून आला आहे," तर देवयानी म्हणाली, काय? पुन्हा सांगितलं. पुन्हा काय? लँकेस्टरपर्यंत एवढंच झालं.

मुक्काम गिरीशकडे. देवयानीचा धाकटा भाऊ. तोही डॉक्टर. त्या घरात दोन वाक्यं बोलावीत तर तिसऱ्याला पेजर वाजतो. गाडी लागल्या लागल्या त्याने झेंड्याकडे पाहिलं आणि म्हणाला, सतीशराव, हा काढून टाका. इथेच ग्लासगोत ऑरेंज म्हणजे प्रोटेस्टंट आणि ग्रीन म्हणजे कॅथलिक, यावरून डोकी फुटतात, तिकडे तर जुलै महिना आहे.

मी त्याला शांतपणे समजावलं की ऑरेंज वेगळा आणि भगवा वेगळा. ऑरेंज हा फळाचा रंग आहे. भगव्यामागे त्याग आहे, वैराग्य आहे, इतिहास आहे. तो म्हणाला, हो, पण अंडी फेकणारा एवढं थांबून बघत नाही. मी म्हणालो, आयर्लंडवर मी चार पुस्तकं वाचली आहेत, तू किती वाचलीस? तो म्हणाला, एकही नाही, पण तिकडून आलेले पेशंट पाहतो. असल्या माणसाशी काय वाद घालणार. माझी चारही पुस्तकं १९२२ ला, आयर्लंडच्या फाळणीपाशी, संपतात हे खरं, पण मुख्य मुद्दे तोवर येऊन गेलेत.

जेवणानंतर बहीण-भाऊ स्वयंपाकघरात कुजबुजत होते. मी पाणी प्यायला गेलो तेव्हा "सिक्स्थ फॉर्म" आणि "सप्टेंबर" एवढे शब्द ऐकू आले. मला पाहून दोघं वरणाबद्दल बोलू लागले. गिरीशला मूल नाही. मग सिक्स्थ फॉर्म, म्हणजे इथली अकरावी-बारावी, कुणासाठी पाहतोय? लोकांच्या भानगडीत पडायची त्याची सवय जुनीच.

सोमवार, ७ जुलै. बोटीवर.

स्ट्रॅनरारला गाडी बोटीत चढवली. चढवताना पिवळं जाकीट घातलेल्या एका माणसाने झेंडा पाहिला, हसला, अंगठा दाखवला आणि विचारलं, ट्वेल्फ्थसाठी आलात का?

मला वाटलं, कुणाच्या बाराव्याला? मी म्हणालो, देवाच्या दयेने घरी सगळे ठीक आहेत, आम्ही टेन्थला आलोय, बायकोचा इंटरव्ह्यू आहे. त्याने गाडी पुढे घ्यायची खूण केली. देवयानीने नंतर सांगितलं की बारा जुलै हा यांचा सण असतो. ढोल, मिरवणुका, सुट्टी. बाराव्याला ढोल वाजवणारा समाज मी प्रथमच ऐकला. पुस्तकांत ही तारीख होती बहुतेक, पण लढाईच्या संदर्भात. मिरवणूक निघते हे कुणी लिहिलं नव्हतं.

देवयानी म्हणाली, सतीश, झेंडा काढ. मी म्हणालो, ज्या दिवशी मी घाबरून झेंडा काढेन त्या दिवशी सभेसमोर उभा राहायचा अधिकार गमावेन. ती म्हणाली, कुठली सभा? मी झेंड्याची क्लिप घट्ट केली.

डेकवर दुसरा भाग म्हणून पाहिला. वारा फार. एका सीगलने शेवटपर्यंत ऐकलं. वैभवी बोटीच्या दुसऱ्या टोकाला कानात वायरी घालून बसली होती. तिला तिथून माझे हात दिसत होते म्हणे.

मंगळवार, ८ जुलै. किनाऱ्याच्या रस्त्याने.

ते जगप्रसिद्ध षटकोनी दगड पाहिले. बसाल्ट. सगळा सह्याद्री बसाल्टचा आहे आणि आपण तो पायाखाली घालतो. इथे लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. हे मी बऱ्याच मोठ्याने बोललो असावा, कारण एक जर्मन कुटुंब बाजूला सरकलं. देवयानी दगडांकडे न पाहता समुद्राकडे पाहत होती. म्हणाली, किती दिवसांनी डोकं शांत वाटतंय. मी म्हणालो, दोन दिवस वाटतं, तिसऱ्या दिवशी माणसं आठवतात. ती म्हणाली, कुठली माणसं? मी मंडळाच्या कार्यकारिणीची नावं घेतली. ती चालू लागली.

मुक्काम एका बी अँड बीमध्ये, म्हणजे कुणाच्या तरी घरात खोली आणि सकाळचा नाश्ता. मालकीणबाईंनी दारातच भगवा पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. हा रंग पाहून बरं वाटलं म्हणाल्या, त्यांचे वडील आयुष्यभर याच रंगासाठी चालले. मी म्हणालो, आमच्याकडेही पिढ्यान् पिढ्या चालताहेत. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. पाहा, भावनेला भाषा लागत नाही. देवयानी मागे उभी राहून हळूच म्हणाली, सतीश, त्या दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलताहेत. तिला माझं कौतुक कधी सहनच होत नाही.

नंतर तिने मालकीणबाईंना इथली घरभाडी विचारली. कुतूहल म्हणून असेल. माणूस बाजारात न घेण्याच्या वस्तूचाही भाव विचारतो.

बुधवार, ९ जुलै. रात्र.

आजचा दिवस संस्मरणीय. एका खेड्यात शिरलो. रस्त्याच्या दोन्ही कडांना ब्रिटिश झेंड्याचा लाल-पांढरा-निळा रंग, आणि मधोमध मोठी कमान. अगदी गणपतीतल्यासारखी, वर चित्रं, दिव्यांच्या माळा. शिडीवर चारपाच जण काम करत होते. माझा भगवा पाहून सगळे ओरडले, शिट्ट्या घातल्या. मी गाडी थांबवली. देवयानी म्हणाली, थांबू नकोस. म्हणजे थांबायलाच हवं होतं.

त्यांतला एक ज्येष्ठ माणूस जवळ आला आणि त्याने विचारलं, तुम्ही कुठल्या लॉजचे? मी म्हणालो, लॉजमध्ये आम्ही उतरत नाही, फॅमिली बरोबर आहे, बी अँड बीमध्ये आहोत. तो इतका हसला की शिडीला टेकला. सगळ्यांना बोलावून त्याने हे पुन्हा सांगितलं. मग मी त्यांना दहा मिनिटांत आपल्या उत्सवांचं सामाजिक महत्त्व सांगितलं. टाळ्या पडल्या. त्या माणसाने स्वतःच्या कोटावरचा नारिंगी बिल्ला काढून माझ्या कोटाला लावला. बर्कशायरमध्ये माझ्या भाषणानंतर कुणी काही काढून दिलं नाही, घेतलंच आहे.

गाडीत आल्यावर देवयानीने सांगितलं की लॉज म्हणजे यांच्या ऑरेंज संघटनेची शाखा. वैभवी म्हणाली, "बाबा, तुझी भाषण संपला तेव्हा ते लोक क्लॅप करत होते कारण की ते संपला." मी म्हणालो, भाषण नपुंसकलिंगी. तुझं भाषण, संपलं. ती म्हणाली, व्हॉटेव्हर.

पहिला भाग आज पूर्ण म्हटला. देवयानीने सॅटनॅवचा आवाज वाढवला. दोन बायका एकाच वेळी बोलत होत्या आणि मी तिसरा. तरी मुद्दे पोहोचले असावेत, कारण ती नंतर एक शब्दही बोलली नाही.

संध्याकाळी गावात पोहोचलो. गावाला दोन नावं आहेत आणि कुठलं म्हणायचं यावर इथे माणसं बोलेनाशी होतात, म्हणून मी नुसतं गाव लिहितो. देवयानी खिडकीशी बसून उद्याची उजळणी करते आहे. ओठ हलताहेत. लग्नाआधी एमडीच्या परीक्षेला अशीच बसायची. तेव्हा मी तिला थर्मासमधून चहा नेऊन देत असे. आता झोपतो. उद्या लवकर उठून गाडी काढायची, मी स्वतः नेणार तिला. माझ्याबद्दल कुणाला काही म्हणायला जागा नको.

गुरुवार, १० जुलै. सकाळ. बसस्टॉप.

मी शांत आहे. जे घडलं ते क्रमाने लिहितो.

सकाळी वेळेत निघालो. सॅटनॅवची बाई नदीवरच्या पुलावरून जा म्हणत होती. नकाशात वस्तीमधून जवळचा रस्ता दिसत होता. देवयानी म्हणाली, आज नको, आज तिचं ऐक. मी म्हणालो, आजच तर नको. आणि वळलो.

वस्तीत रस्त्याच्या कडा पुन्हा रंगवलेल्या होत्या, पण हिरवा-पांढरा-केशरी. मी म्हणालो, वा, हा तर आपलाच तिरंगा, थोडा सरकलेला. देवयानी म्हणाली, हा आयर्लंडचा, आणि तिने डोळे मिटले. पहिलं अंडं माझ्या काचेवर बसलं. दुसरं भगव्यावर. तिसरं मागच्या फटीतून आत वैभवीच्या रेनकोटवर, म्हणजे रेनकोट देण्यात माझी दूरदृष्टी सिद्ध झाली. पोरं होती. पुढे एक जाडसर गृहस्थ रस्त्यात उभे राहिले, म्हणून गाडी थांबवावी लागली. त्यांनी पोरांना दम दिला आणि मला सभ्य शब्दांत सांगितलं की ते खाली उतरवा आणि जा, मिसेसना उशीर होतोय असं दिसतंय.

इथे कुणीही दुसरा असता तर झेंडा काढून निघून गेला असता. मी गाडीतून उतरलो. गैरसमज हा अंधार आहे आणि शब्द हा दिवा. मी त्यांना फरक समजावू लागलो. ऑरेंज कुठून आला, भगवा कुठून आला. त्यांची नजर माझ्या कोटावरच्या बिल्ल्यावर होती. तो काढायचा राहून गेला होता. त्यामुळे मुद्दा थोडा अवघड झाला. मी १९१६ च्या आयरिश बंडावर आलो. मी त्यांच्याच बाजूचा आहे हे सांगितलं. आणखी दोन-तीन घरांतली माणसं दारात आली. सभा जमत होती.

मागे गाडीचं दार वाजलं. देवयानी उतरली होती. तिने इंटरव्ह्यूचा निळा कोट सांभाळत काचेतली क्लिप उपटली, झेंडा अंड्यासकट गुंडाळून डिकीत टाकला, हात टिश्यूने पुसले, आणि उजव्या सीटवर जाऊन बसली. मी म्हणालो, दोन मिनिटं, समारोप करतो.

ती म्हणाली, "सतीश, मी जाते. तुझं संपलं की बसने ये."

आणि गाडी गेली. मागच्या काचेतून वैभवी माझ्याकडे पाहत होती. हात हलवला नाही तिने.

वाक्य अर्धवट राहिलं होतं, ते मी पूर्ण केलं. तोवर दारं लागली होती. ते गृहस्थ तेवढे थांबले होते. त्यांनी बसस्टॉप दाखवला. म्हणाले, तुम्ही बोलता छान, पण बाईंना उशीर नको होता व्हायला. लोकांना दुसऱ्याच्या घरात डोकावायची फार हौस.

बस अजून आलेली नाही.

गुरुवार, संध्याकाळ.

हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये वैभवी एकटी बसली होती. आई आत आहे म्हणाली. उशीर झाला होता, पण आधीचा कँडिडेट लांबला म्हणून चाललं. म्हणजे माझ्यामुळे काहीच बिघडलं नाही. मी तसं म्हणालो.

वैभवी बराच वेळ चमच्याने टेबलावर रेघा ओढत होती. मग म्हणाली, "बाबा, खरा सांग. तू मुद्दाम केली ना? आईला लेट करायचा होता ना तुला?"

मी म्हणालो, "केलंस. 'तू मुद्दाम केलंस' असं म्हणायचं."

ती म्हणाली, "ओके. केलंस."

आणि उठून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली. व्याकरणाचा तिला पहिल्यापासून कंटाळा. यासाठीच दुसरा भाग आवश्यक आहे.

शुक्रवार, ११ जुलै.

सकाळी नाश्त्याला देवयानीचा फोन वाजला. ती उठून जिन्यात गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे ओले होते आणि हसू आवरत नव्हतं. पोस्ट तिला मिळाली. वैभवीने किंचाळून तिला मिठी मारली. बी अँड बीतल्या अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही उभा राहिलो. मी म्हणालो, या प्रसंगी दोन शब्द बोलणं माझं कर्तव्य आहे. आणि तिसरा भाग, समारोप, संपूर्ण म्हटला. यशाचं मूल्यमापन कसं करावं, पदापेक्षा माणूस मोठा, मुळापासून तुटलेल्या झाडाचं काय होतं. उत्तम झाला. टोस्ट गार झाले.

देवयानी ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, झालं? मग तिने सांगितलं की ती होकार देणार आहे. ऑक्टोबरपासून. वैभवीचा सिक्स्थ फॉर्म इथल्याच शाळेत, ती हेडमास्तरांशी फोनवर बोलली आहे, सप्टेंबरपासून दोघी इथे भाड्याने राहतील. ऐकलं होतं का मी यातलं काही? हो, ऐकलं होतं, ग्लासगोत, वरणाच्या आधी.

मी स्पष्ट सांगितलं. माझी नोकरी ब्रॅकनेलला, मंडळ ब्रॅकनेलला. गणपतीत अध्यक्षीय भाषण कोण करणार? एकतर मी, नाहीतर आयर्लंड. ठरव.

देवयानी म्हणाली, "तू आलास तर मला आवडेल. पण मी विचारत नाहीये, सतीश. सांगतेय."

मी म्हणालो, मी उद्याच निघतो. ती म्हणाली, बरं. एवढंच. मी वाट पाहिली. तिने जॅम मागितला.

ही अर्थात युक्ती आहे. संध्याकाळपर्यंत येईल.

दुपारी दोघी गाडी घेऊन पलीकडे डोनेगलच्या समुद्रावर गेल्या, सेलिब्रेशन म्हणून. ते दुसरं राष्ट्र, स्वतंत्र आयर्लंड. त्या दोघींनी ब्रिटिश पासपोर्ट घेतला. मी तत्त्व म्हणून भारतीय ठेवला आहे, त्याला तिकडचा व्हिसा लागतो. इथून पंधरा मिनिटांवर माझ्या बायकोचा आनंद चालू आहे आणि तत्त्वामुळे मी बसलोय मालकांच्या कुत्र्याबरोबर. कुत्रं चांगलं आहे. ऐकतं.

परत आल्या तेव्हा केसांत वाळू होती. वैभवीने सांगितलं की मागची काच आता पूर्ण वर जाते. मला नव्हे, आईला सांगितलं.

संध्याकाळ झाली. देवयानी आली नाही. घरं पाहायच्या अपॉइंटमेंट लिहीत बसली होती.

शनिवार, १२ जुलै. बेलफास्टचं बंदर.

सकाळी देवयानीने गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. दोघी सोमवारी विमानाने येणार. सॅटनॅव ने म्हणाली. मी घेतला नाही. मग तिने डब्यात दोन सँडविच करून दिली आणि मिरपूड घालू का विचारलं. मिरपूड विचारणारी बाई नवऱ्याला सोडत नाही. माझा अंदाज होता की मी गावाच्या वेशीपर्यंत जाताच फोन येईल. म्हणून हळू चालवली. मागचे हॉर्न देत होते.

फोन आला नाही. अर्ध्या वाटेत रस्ता अडला. मिरवणूक. तेच कमानीचं खेडं. मैलभर माणसं, काळे कोट, गळ्यात नारिंगी पट्टे, बासऱ्या, आणि ढोल असे की काच थरथरते. बाराव्याचा हा थाट. मी त्यांच्या मागे पहिल्या गिअरमध्ये. बुधवारचा ज्येष्ठ गृहस्थ कडेला उभा होता, त्याने मला ओळखलं. खिडकीत वाकून म्हणाला, लॉजवाले, झेंडा कुठे? मी म्हणालो, डिकीत आहे. बाईंनी ठेवला. तो म्हणाला, आणि बाई?

मी त्याला कारणं सांगायला सुरुवात केली. नोकऱ्यांची विभागणी, स्थलांतर, मध्यमवर्ग. ढोलांमुळे त्याला काही ऐकू आलं नाही. तो मान हलवत राहिला आणि मग पुढच्या गाडीकडे गेला.

त्यानंतर गाडीत शांत होतं. कुठली लेन, स्पीड किती, कुणीच सांगत नव्हतं. हेच तर मला हवं होतं. बेलफास्टला दोनदा चुकलो. बोट सुटली, आता पुढच्या बोटीची वाट. सँडविचमध्ये मिरपूड होती.

रविवार, १३ जुलै. ग्लासगो.

रात्री उशिरा पोहोचलो, गिरीशकडे. सकाळी त्याने चहा दिला. मी त्याला सगळा प्रसंग मुद्देसूद सांगितला आणि माझं समारोपाचं भाषणही, ठळक भाग. तो पूर्ण ऐकून म्हणाला, "सतीशराव, यात अभिनंदन कुठे आहे?"

मी म्हणालो, असणारच. प्रास्ताविकात असेल. पुन्हा आठवून पाहिलं. पद आहे, माणूस आहे, झाड आहे. तो शब्द नव्हता. तांत्रिक चूक. कुणाच्याही हातून होते.

गिरीश म्हणाला, ताई काल रात्री फोनवर रडत होती. नोकरी मिळाल्याबद्दल तिचं सगळ्यांनी कौतुक केलं, तिकडच्या नर्सनी, बी अँड बीच्या मालकांनी. तुमचं काय म्हणणं आहे ते तिला अजून कळलेलं नाही. भाषण नको आहे तिला. एक वाक्य.

फोन केला. वाजत राहिला. मग यंत्र म्हणालं, निरोप ठेवा. मी सुरुवात केली, "प्रिय देवयानी, आज या क्षणी मागे वळून पाहताना," आणि यंत्राने कापलं. पुन्हा केला. "देवयानी, यशाची अनेक रूपं असतात." कापलं. तिसऱ्यांदा नुसताच श्वास घेतला. तोही रेकॉर्ड झाला असणार. गिरीश शेजारच्या खोलीत मुद्दाम भांडी वाजवत होता.

सहा वेळा झालं. सातव्यांदा यंत्र म्हणालं, निरोपाची पेटी भरली. आता निरोप ठेवायला जागा नाही, फक्त तिने फोन उचलणं उरलं.

प्रस्ताव एक. सूचक मी, अनुमोदक कुणी नाही.

देवयानी, फोन उचल.